डाव्या कार्बोरेटरची कैफियत

"तिला यातलं काही कळू देऊ नकोस हं. नवीन आहे, बोलून जाईल एखाद वेळेस."

हे वाक्य सासूबाईंनी आपल्या मुलाला स्वयंपाकघरात, अगदी हलक्या आवाजात सांगितलं. पण त्या घरात स्वयंपाकघर आणि गॅरेज यांच्यामध्ये भिंत नाही, फळ्यांचा आडोसा आहे. फळ्यांमधून बोटभर फटी आहेत. फटींच्या अलीकडे ती 'नवीन' सून चहाचा रिकामा कप घेऊन उभी होती. आणि तिच्या गुडघ्याच्या उंचीवर मी होतो.

मी बोलून जाईन अशी भीती कुणालाच वाटत नाही. मी खिजगणतीत नाही. म्हणून आज मीच बोलतो.

मी एका जुन्या मोटरसायकलचा डावा कार्बोरेटर. नाव अवघड आहे, काम सोपं. इंजिनाला नुसतं पेट्रोल पाजून भागत नाही. ते हवेत मिसळून, मापात द्यावं लागतं. ते माप मी ठेवतो. मला एक तोंड आहे, त्यातून हवा आत जाते. पोटात एक वाटी आहे, तिच्यात पेट्रोल साठतं. मध्ये एक सरकता पडदा आहे. चालवणाऱ्याने हँडलची मूठ पिळली की तो पडदा वर उचलला जातो आणि मी मोठा श्वास घेतो. बस, एवढंच.

आमच्या इंजिनाला सिलिंडर दोन, म्हणून कार्बोरेटरही दोन. डावा मी, उजवा माझा भाऊ. मूठ एकच, तिची तार पुढे दोन फाट्यांत वाटलेली. दोघांनी एकाच क्षणी, सारखाच श्वास घ्यायचा असा नियम. एकाने केसभर जास्त घेतला की सगळं ओझं त्याच्या सिलिंडरवर येतं आणि दुसरा नुसता फरफटतो. इंजिन हादरायला लागतं. हँडलला मुंग्या येतात. आरशात मागचा रस्ता थरथरताना दिसतो.

आम्ही दोघं एकाच दिवशी, एकाच साच्यातून निघालो. अंगावरचे कंगोरे एका कामगार बाईने कानशीने घासून काढले. ती शेजारणीला आपल्या जावेची गाऱ्हाणी सांगत होती, त्यामुळे माझ्या डाव्या खांद्यावर कानस दोनदा जास्त फिरली. तो ओरखडा अजून आहे. माणसाचं मन कुठे असतं आणि हात कुठे, हे मी जन्मतःच शिकलो.

पहिला मालक रस्त्यांची मोजणी करणारा साहेब होता. त्याच्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. गाडी बंद पडली की तो लाथ मारायचा आणि चालू झाली की स्वतःची पाठ थोपटायचा. पुढे त्याची पाठच धरली आणि गाडी मिस्त्रींकडे आली.

मिस्त्री तेव्हा तरुण होते. नुकतंच लग्न झालेलं. त्यांनी आम्हाला दोघांना उतरवलं, घरात नेलं आणि पलंगावरच्या कोऱ्या चादरीवर उघडून मांडलं. बायको दारात येऊन म्हणाली, "अहो, ही माझ्या लग्नातली चादर!" मिस्त्री म्हणाले, "मग? हे काय साधेसुधे पाहुणे आहेत?" तीस वर्षं झाली. त्या चादरीचा विषय निघाला नाही असा महिना गेला नाही.

त्यांचा हात काय वर्णावा! माझ्यातली बारीक छिद्रं ते कधी तारेने कोचत नसत. ब्रशचा एकच केस काढून, तो पेट्रोलमध्ये बुडवून, हळूच फिरवायचे. "तार घातली की भोक मोठं होतं. आणि एकदा मोठं झालेलं भोक कुणाच्या बापाला लहान करता येत नाही," असं ते गिऱ्हाइकांना सांगत. गिऱ्हाइकं हसत. मिस्त्री हसत नसत.

पण त्यांचं नाव झालं ते जुळवण्यामुळे. जुळवणं म्हणजे दोन्ही कार्बोरेटर सारखे करणं. हे काम कुणी काट्यांच्या मीटरवर करतं, कुणी अंदाजपंचे. मिस्त्रींची तऱ्हा वेगळी होती. त्यांनी रबराच्या दोन नळ्या अगदी सारख्या लांबीच्या कापून घेतल्या होत्या. गाडी स्टँडवर लावून चालू करायची, स्वतः सीटवर बसायचं. एका नळीचं टोक माझ्या तोंडाशी, दुसरं त्यांच्या डाव्या कानात. दुसरी नळी भावाच्या तोंडाशी आणि उजव्या कानात. मग डोळे मिटून, दोन्ही हात खाली सोडून, आमचा श्वास कमी-जास्त करणारे स्क्रू पाव पाव फेरा फिरवत राहायचं.

"आवाज डोक्याच्या मधोमध आला पाहिजे," ते म्हणायचे. "डावीकडे नाही, उजवीकडे नाही. मधोमध. आला की सोडून द्यायचं. काटा बघून गाडी जुळवणारा मिस्त्री म्हणजे चव न घेता मीठ टाकणारा आचारी."

आणि खरंच, तो आवाज मधोमध आला की आम्हा दोघांना कळायचं. मी आणि भाऊ असे दोघे उरायचोच नाही. मागच्या दोन्ही सायलेन्सरमधून एकच सूर निघायचा, आणि पेट्रोलच्या टाकीवर ठेवलेला पाण्याचा पेला हलायचा नाही. तो पेला दाखवून त्यांनी कितीतरी गिऱ्हाइकांची तोंडं बंद केली.

लांबलांबून लोक जुन्या, दोन कार्बोरेटरच्या गाड्या घेऊन येऊ लागले. त्या सगळ्यांच्या गाड्यांना मुलाने हात लावला तर चाले. आमच्या गाडीला नाही. "या गाडीला माझ्याशिवाय कुणी स्क्रू ड्रायव्हर लावला तर गाठ माझ्याशी आहे," हे मिस्त्री हसत म्हणत, पण मुलगा कधी आजमावायला गेला नाही.

दीड वर्षापूर्वी कधीतरी ते सुरू झालं. तारीख मला सांगता येणार नाही, कारण ते एका दिवशी झालं नाही.

मिस्त्रींनी डोळे मिटले, नळ्या कानात घातल्या आणि माझा स्क्रू पाव फेरा उघडला. मला वाटलं, ठीक आहे, भाऊ जरा पुढे असेल. पुढच्या महिन्यात अजून पाव. मग अर्धा. मी भावापेक्षा जास्त श्वास घेत होतो, हे मला स्पष्ट कळत होतं. इंजिन हादरत होतं, पेला टाकीवरून सरकत सरकत कडेला येत होता. आणि मिस्त्री डोळे मिटून म्हणत होते, "आला. मधोमध आला."

मला तोंड आहे, पण ते फक्त हवा आत घेण्यासाठी.

गिऱ्हाइकांच्या गाड्यांचंही तेच होऊ लागलं. हे घरात पहिल्यांदा कळलं ते मुलाला. तयार गाड्या पोचवायला तोच जात असे. पाववाल्याची गाडी घेऊन तो निघाला आणि गल्लीच्या वळणावर पोचेपर्यंत त्याचे हात बधिर झाले. गल्लीच्या पलीकडे पाण्याची टाकी आहे. तिच्यामागे त्याने गाडी थांबवली, खिशातून एक छोटं मीटर काढलं – ते त्याने बापाला कधी दाखवलेलं नव्हतं – आणि पाच मिनिटांत गाडी जुळवली. पाववाला दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाला, "मिस्त्री, लोण्यासारखी चालते हो गाडी! हात आहे का काय आहे!"

मिस्त्रींनी मान हलवली. मुलगा टायरमध्ये हवा भरत होता. त्याने वर पाहिलं नाही.

तेव्हापासून प्रत्येक गाडी टाकीमागून जाऊ लागली. आईला त्याने सांगितलं. आई म्हणाली, "वय झालं, हात चुकतो. त्यांना बोलू नकोस. कामच त्यांचा जीव आहे." मुलगा म्हणाला, "मी कशाला बोलू?" दोघांनी तोंडात मिठाची गुळणी धरली. त्यात वाईट हेतू नव्हता. पण परिणाम असा झाला की मिस्त्रींच्या प्रत्येक चुकीची बातमी टाकीमागेच पुसली जायची, आणि त्यांच्यापर्यंत फक्त लोणी पोचायचं.

उरली एकच गाडी. आमची. तिला दुसरं कुणी हात लावणार नव्हतं. म्हणून ती हादरत राहिली.

चार महिन्यांपूर्वी ती आली, मुलाची नवी बायको. फार कमी बोलायची. जे बोलायची ते इतकं हळू, की आपण ऐकलं की आपल्याला वाटलं, असा प्रश्न पडावा. सासूबाई शेजारणीला सांगत, "शांत आहे हो पोरगी," आणि त्यात कौतुक किती आणि काळजी किती, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

स्वयंपाकघराचं दार मिस्त्रींच्या बाकाच्या डाव्या हाताला आहे. ती दारातून यायची आणि म्हणायची, "बाबा, चहा." मिस्त्री मान वर करत नसत. ती क्षणभर थांबायची, कप बाकाच्या कोपऱ्यावर ठेवायची आणि निघून जायची. थोड्या वेळाने गॅरेजमधून आरोळी यायची, "चहा कुणी ठेवला इथे? गार ढोण झालाय! या घरात कुणाला तोंड आहे की नाही?"

असं आठवड्यातून चारदा तरी. एकदा माझ्याशेजारीच उभं राहून तिने नवऱ्याला विचारलं, "अहो, बाबांना मी आवडले नाही का?"

"काहीतरीच काय? का गं?"

"मी बोलले की उत्तर देत नाहीत."

"कामात असले की त्यांचं लक्ष नसतं. आमच्याशीही तसेच वागतात."

"तुम्ही ओरडता. म्हणून ऐकतात."

तो हसला आणि पाना शोधू लागला. तिने तो विषय पुन्हा काढला नाही. पण गप्प बसणारी माणसं रिकामी बसत नाहीत, हे मला तिच्यावरून कळलं. तिने बघायला सुरुवात केली.

ती अंगण धुवायची. गाडी नुकतीच फिरून आलेली असली की पाण्याचे शिंतोडे सायलेन्सरवर उडत. डाव्यावर पडले की चर्र करून नाहीसे होत. उजव्यावर पडले की जरा वेळ इकडून तिकडे घरंगळत बसत. तिने एकदा पाहिलं. दुसऱ्यांदा मुद्दाम बोटांनी थेंब उडवले. डावा सायलेन्सर मुळाशी निळा पडला होता, उजवा चकचकीत होता. तिला त्यातलं काही कळत नव्हतं. पण एका घरात दोन भावंडांपैकी एकच राबतंय, हे कळायला इंजिन शिकावं लागत नाही.

मग एक दिवस असं झालं की दारासमोर पाववाल्याची गाडी आडवी लावलेली होती. तिला चहा घेऊन पूर्ण वळसा घालून मिस्त्रींच्या उजव्या बाजूने यावं लागलं. ती नेहमीच्याच आवाजात म्हणाली, "बाबा, चहा."

मिस्त्रींनी चटकन मान वळवली. "अरे वा! बोलते की पोरगी!"

ती तिथेच उभी राहिली, कप हातात धरून. मिस्त्रींना वाटलं, लाजली. ती लाजली नव्हती.

पुढचे तीन दिवस तिने जे केलं ते फक्त मला दिसत होतं. ती डावीकडून म्हणायची, "बाबा." काही नाही. वळसा घालून उजवीकडून, तेवढ्याच आवाजात, "बाबा." – "काय गं?" – "काही नाही, कप न्यायला आले." तिसऱ्या दिवशी मिस्त्री म्हणाले, "सारखी काय घिरट्या घालतेस? हरवलंय का काही?" ती म्हणाली, "सापडलं, बाबा."

ते तिने कुणाला सांगितलं नाही. सांगणार होती. नवऱ्याला सांगायचं म्हणून ती त्या संध्याकाळी रिकामा कप घेऊन फळ्यांपाशी आली, आणि तेव्हाच तिने ते वाक्य ऐकलं. नवीन आहे, बोलून जाईल. पाठोपाठ टाकीमागची सगळी हकिगतही. तिने कप धुतला, पालथा घातला आणि गप्प बसली. ज्या घरात आपण चार महिन्यांच्या आहोत, तिथे दीड वर्षाचं गुपित आपण फोडायचं कसं?

इकडे मिस्त्री माझ्यावर संशय घेऊ लागले. "डावा झिजलाय," ते म्हणाले. त्यांनी मला उघडलं, धुतलं, पडदा उजेडात धरून पाहिला, नवी वॉशर घातली. काही फरक पडला नाही. मग त्यांनी खऱ्या कारागिराला शोभेल अशी गोष्ट केली. आम्हा भावांची अदलाबदल केली. मी उजवीकडे, भाऊ डावीकडे. खोट माझ्यात असेल तर ती माझ्याबरोबर उजवीकडे जायला हवी.

तीस वर्षांत पहिल्यांदा मी त्यांच्या उजव्या कानाशी बोललो. त्यांनी माझा स्क्रू लगेच आवळला. मी घुसमटलो. पलीकडे भावाला उघडत उघडत इतकं उघडलं की तो धापा टाकू लागला. "आला मधोमध," मिस्त्री म्हणाले. आणि इंजिन पुन्हा डावीकडूनच हादरू लागलं, डावा सायलेन्सर पुन्हा तापला.

मिस्त्री कितीतरी वेळ पायरीवर बसून राहिले. दोघं भाऊ निर्दोष होते. मग खोट कुठे?

मला वाटतं, त्या दिवशी त्यांच्या मनात पाल चुकचुकली. कारण त्यांनी आम्हाला आपापल्या जागी परत बसवलं, पुन्हा जुळवलं, आणि मग सुनेला हाक मारली.

"ये पोरी. बस सीटवर. माझे कान जुने झाले, तुझे नवे आहेत. कमी बोलणाऱ्याला जास्त ऐकू येतं. हे घाल कानात आणि सांग, आवाज मधोमध आहे ना?"

ती सीटवर बसली. नळ्या तिने कानात घातल्या. मी तिच्या डाव्या कानात अक्षरशः बोंबलत होतो. भाऊ उजव्या कानात कुजबुजत होता. तिने नळ्या काढल्या, आपला कान तर वाईट नाही ना म्हणून त्यांची अदलाबदल करून पुन्हा घातल्या. आता मी उजव्या कानात बोंबललो. शंकेला जागाच नव्हती.

तिने वर पाहिलं. नवरा दारात उभा होता. त्याने हळूच मान हलवली: नको. फळ्यांच्या फटीत सासूबाईंचा एक डोळा दिसत होता. आणि समोर म्हातारा, हातात स्क्रू ड्रायव्हर धरून, शाळेच्या निकालाची वाट पाहावी तसा तिच्याकडे पाहत होता.

"मधोमध?"

"हो."

"नक्की?"

"हो, बाबा. मधोमध."

मिस्त्रींनी सुस्कारा सोडला. नवऱ्यानेही सोडला. ती सीटवरून उतरली आणि आत गेली, आणि त्या दिवशी तिने कुणाला जेवायला आग्रह केला नाही.

तिला बहुधा वाटलं असेल की आपण म्हाताऱ्याचं मन राखलं. पण मिस्त्रींनी त्या 'हो'चा वेगळाच हिशेब मांडला. जेवताना ते म्हणाले, "लोकांच्या गाड्या माझ्या हातून जुळतात. रोज लोक येऊन सांगतात. या गाडीचेही कार्बोरेटर जुळलेत, पोरीने नव्या कानांनी ऐकलं. तरी ही हादरते. म्हणजे इंजिनच आतून गेलं. याच्यात आता राम नाही. भंगारवाल्याला निरोप देतो."

"अहो, पण तीस वर्षांची गाडी," सासूबाई म्हणाल्या.

"तीस वर्षांची म्हणूनच. रोज माझ्यासमोर उभी राहून मला हसते ती. नाचता येईना अंगण वाकडं, असं मला वाटायला लागलंय."

दुपारी आडोशामागे मुलगा आईला म्हणाला, "बरंच झालं एका अर्थी. ही गेली की प्रश्नच मिटला. बाकीच्या गाड्या मी बघतोच आहे."

"हो रे, पण रडतायत ते. मी पाहिलं."

"दोन दिवस रडतील."

सुनेने हेही ऐकलं. फळ्यांना फटी होत्या, त्याला ती तरी काय करणार? मग ती गॅरेजमध्ये आली. कुणी नव्हतं. फडकं घेऊन आल्याचं निमित्त होतं, पण पुसलं काहीच नाही. माझ्यावर तळहात ठेवून ती नुसती उभी राहिली. तिचा हात गार होता.

"चुकलंच माझं," ती म्हणाली. माझ्याशी बोलली की स्वतःशी, कोण जाणे. पण तेवढं एक वाक्य मला मिळालं, आणि ते मी जपून ठेवलंय.

ही गोष्ट चार दिवसांपूर्वीची. आज सकाळी भंगारवाला आला आहे.

त्याचा टेम्पो दारात उभा आहे, दोर सोडलेले आहेत. मागे आधीच एक शिवणयंत्र, दोन पंखे आणि कुणाचा तरी लोखंडी पाळणा आहे. माझी जागा पाळण्याच्या शेजारी असेल असं दिसतं. भट्टीत मी पुन्हा पातळ होईन, कदाचित दरवाज्याची मूठ होईन, कदाचित बादलीची कडी. त्याचं मला दुःख नाही. धातू आहे मी, वितळण्यातूनच आलो. दुःख याचं आहे की माझ्या नावावर जो दोष लिहिला गेला तो माझा नव्हता, आणि ज्याचा होता त्यालाही तो कधी कुणी दाखवला नाही. रोज टाकीमागे त्याला वाचवलं, आणि वाचवत वाचवत बहिरं ठेवलं. औषध असेल, नसेल, मला माहीत नाही. पण विचारायला तरी कुणी गेलं असतं.

वाचणाऱ्यांनो, माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या घरातली एखादी जुनी वस्तू सारखी बिघडत असेल, तर तिला फेकण्याआधी बघा, ती कुणाबद्दल सांगतेय.

मिस्त्री अजून गाडी द्यायला तयार नाहीत. म्हणजे तयार आहेत, पण त्याआधी त्यांनी ती चालू केली आहे. सीटवर बसले आहेत, नळ्या कानात आहेत, डोळे मिटलेले आहेत.

"मिस्त्री," भंगारवाला हसून म्हणतो, "भंगारात जाणाऱ्या गाडीची जुळवणी करणारे तुम्हीच पहिले!"

"जाताना तरी नीट श्वास घेऊन जाऊ दे," मिस्त्री म्हणतात. माझा स्क्रू अजून पाव फेरा उघडतात. इंजिन असं हादरतंय की नंबरप्लेट खडखडते आहे. "आला. मधोमध आला. बघ, म्हणजे माझ्या बाजूने काही राहिलं नाही. लोकांच्या गाड्या याच हातांनी लोण्यासारख्या चालतात. खोट हिच्यातच आहे."

मुलगा खाली बघतो आहे. सासूबाई पदराशी चाळा करत दारात आहेत. पाववाला रस्त्यावर थांबून तमाशा बघतो आहे.

आणि ती स्वयंपाकघरातून येते आहे. दारातून सरळ आली असती तर मिस्त्रींच्या डावीकडे पोचली असती. ती सरळ येत नाही. गाडीच्या पुढून वळसा घालते, हेडलाइटला हात टेकते आणि उजव्या बाजूला जाऊन उभी राहते. हात पुढे करून किल्ली फिरवते. माझा श्वास थांबतो, भावाचाही. गॅरेजमध्ये इतकी शांतता होते की नळीतून पेट्रोलचा थेंब पडलेला ऐकू येतो.

मिस्त्री डोळे उघडतात. "काय गं? काय झालं?"

"अगं ए," नवरा पुढे होतो, "आत जा बघू तू."

ती आत जात नाही. मिस्त्रींच्या उजव्या कानातली नळी ती स्वतःच्या हाताने काढते. चार महिन्यांत तिचा एवढा मोठा आवाज या घराने ऐकलेला नाही.

"बाबा, त्या दिवशी मी खोटं बोलले. आवाज मधोमध नव्हता, सगळा डावीकडे होता. आणि लोकांच्या गाड्या तुमच्या हातून जुळत नाहीत. दीड वर्ष झालं, पोचवायला नेताना हे टाकीमागे थांबून प्रत्येक गाडी परत जुळवतात. – थांबा हो आई, बोलू द्या मला. – या एकाच गाडीला तुमच्याशिवाय कुणी हात लावला नाही, म्हणून ही एकटीच हादरते. हिच्यात काही खोट नाही, बाबा. तुमचा डावा कान गेलाय. उजवा अजून आहे. एकच नळी घ्या, दोन्हीकडे आळीपाळीने लावा, आणि फक्त या कानाने ऐका. आत्ता ऐका. मी इथेच उभी आहे, या बाजूला."